केप अडेअर: हिवाळा काढायला ही जागा निवडणं चुकलं का?

नकाशेवाला

गेले दोन महिने रात्रीचं जेवण झालं की मी अंटार्क्टिकाचा नकाशा उघडून बसतो. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावर बोट ठेवून सरळ खाली आणलं, की साधारण पावणेतीन हजार किलोमीटर नुसता समुद्र. मग जे पहिलं काळं टोक लागतं ते केप अडेअर. अक्षांश ७१ अंश १७ मिनिटं दक्षिण.

व्हिक्टोरिया लँडच्या ईशान्य कोपऱ्यातून एक लांब, अरुंद द्वीपकल्प उत्तरेकडे समुद्रात शिरलंय. पूर्वेला रॉस समुद्र, पश्चिमेला रॉबर्टसन उपसागर. टोकाचे कडे ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचे. त्यांच्या पश्चिम पायथ्याशी गोट्यांचा एक सपाट त्रिकोणी पट्टा आहे, रिडली बीच. १८९९ मध्ये नॉर्वेचा कार्स्टन बोर्चग्रेव्हिंक आणि त्याच्या नऊ साथीदारांनी इथे हिवाळा काढला. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर माणसाने काढलेला तो पहिला हिवाळा.

आता नकाशा बघा. पट्ट्याच्या दोन बाजूंना पाणी, तिसऱ्या बाजूला उभा कडा. उपसागराच्या पलीकडे अ‍ॅडमिरल्टी पर्वतरांग, तिचं सर्वोच्च शिखर मिंटो ४,१०० मीटरच्या वर. हिमनद्या तुटक्या कडांनी थेट उपसागरात उतरतात. म्हणजे खंडाच्या आत जायला वाटच नाही. समुद्र गोठला तर त्यावरून जायचं, आणि ते बर्फही वादळात फुटून वाहून जाणारं. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर निघालेल्या ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या मोहिमेतली सहा माणसं इथेच अडकली.

माझं मत असं की बोर्चग्रेव्हिंकची जागा चुकली. खंड बघायला गेलेल्या माणसाने उंबरठ्यावरच बिऱ्हाड मांडलं. तुम्हाला काय वाटतं?

शिंपला

वाचनखूण साठवली. नकाशा घेऊनच वाचते आता.

मीठभाकर

अडेअर हे नाव कुठून आलं?

नकाशेवाला

जेम्स क्लार्क रॉसने दिलं, १८४१ च्या जानेवारीत. व्हायकाउंट अडेअर हा त्याचा मित्र, ब्रिटिश संसदेचा सदस्य. रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन दक्षिण चुंबकीय ध्रुव, म्हणजे चुंबकाची सुई जिथे सरळ उभी राहते ती जागा, शोधायला निघाला होता. उत्तर चुंबकीय ध्रुवावर तो १८३१ मध्येच पोचला होता, त्यामुळे दुसराही आपणच गाठावा ही त्याची मनापासूनची इच्छा. तरंगत्या बर्फाचा पट्टा भेदून तो मोकळ्या पाण्यात आला आणि समोर ही पर्वतरांग आडवी. ध्रुव तिच्या मागे, जमिनीवर. जहाजाने तिथे जाणं शक्य नव्हतं.

भूगर्भी

चांगला धागा, पण मूळ मताशी असहमत.

१८९८ साली बोर्चग्रेव्हिंकपुढे काय पर्याय होते ते बघा. त्या सगळ्या किनाऱ्यावर बोट लावून माणसं उतरल्याची त्याला स्वतःला माहीत असलेली मुख्य भूमीवरची एकच जागा होती, ती ही. २४ जानेवारी १८९५ ला तो तिथे उतरला होता, हेन्रिक बुलच्या देवमासे शोधणाऱ्या मोहिमेत. पैसा स्वेन फॉइन या नॉर्वेच्या देवमासेवाल्याचा, जहाजाचं नाव 'अंटार्क्टिक'. देवमाशांच्या बाबतीत ती मोहीम फसलीच. पण बोर्चग्रेव्हिंकने खडकावर दगडफूल पाहिलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत उभं राहून सांगितलं की इथे माणसं वर्षभर राहू शकतील. एवढं जाहीर बोलल्यावर तो दुसरीकडे कशाला जाईल?

हिमकण

भूगर्भी, १८९५ चं उतरणंच वादात आहे! बोर्चग्रेव्हिंक म्हणाला मी आधी उडी मारली. कप्तान क्रिस्टेन्सन म्हणाला मी आधी. आणि फॉन टुन्झेलमान नावाचा न्यूझीलंडचा एक पोरगा, विशीसुद्धा न गाठलेला, म्हणाला की कप्तानाला नीट उतरता यावं म्हणून मी आधी पाण्यात उडी टाकून होडी धरली. मला त्या पोराचं म्हणणं खरं वाटतं. होडी धरायला कोणीतरी आधी उतरावंच लागतं.

मीठभाकर

+१ पोराला. आमच्या मामाच्या होडीतही सगळ्यात आधी ओले पाय माझेच.

भूगर्भी

हिमकण, तिघांपैकी कोणीही असो, 'खंडावर पहिलं पाऊल' हा दावा तिघांचाही टिकत नाही. जॉन डेव्हिस हा अमेरिकन सीलशिकारी ७ फेब्रुवारी १८२१ ला अंटार्क्टिक द्वीपकल्पावर ह्यूज उपसागरात उतरला असावा असं त्याच्या जहाजाच्या नोंदवहीवरून मानतात. मर्केटर कूपर १८५३ मध्ये उतरला, तोही अडेअरपासून फार लांब नाही, ओट्स किनाऱ्याच्या बाजूला. हे लोक शिकारी होते. कुठे सील भरपूर आहेत हे त्यांना गुपित ठेवायचं असे, म्हणून बोलबाला झाला नाही.

प्राजक्ती

मला पहिलं पाऊल कोणाचं यापेक्षा ती दहा माणसं आत कशी राहिली हे जाणून घ्यायचंय. कुणी सविस्तर लिहील का?

आजीचा_चष्मा

प्राजक्ती, लिहिते. मोठं होईल, चहा घेऊन बस.

बोर्चग्रेव्हिंकचं जहाज 'सदर्न क्रॉस' १७ फेब्रुवारी १८९९ ला तिथे पोचलं आणि २ मार्चला माणसं उतरवून निघून गेलं. पैसे दिले होते सर जॉर्ज न्यूनेस या लंडनच्या प्रकाशकाने, ४०,००० पौंड. झेंडा ब्रिटिश, माणसं बहुतेक नॉर्वेची. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे क्लेमंट्स मार्कहॅम यांना याचा फार राग आला, कारण ते स्वतःच्या मोहिमेसाठी पैसा जमवत होते आणि तो असा दुसरीकडे गेला.

सामान उतरवताना वादळ आलं, जहाज लांब गेलं आणि काही जण किनाऱ्यावर अडकले. घर अजून उभं नव्हतं. पेर सॅव्हिओ आणि ओले मुस्त या दोघा सामी माणसांचा तंबू होता, सगळे त्यात शिरले आणि कुत्र्यांनाही आत घेतलं. कुत्र्यांच्या उबेवर रात्र काढली. ही दोघं उत्तर नॉर्वेतली, बर्फात जन्मलेली. बाकीचे शिकून आलेले, हे जगून आलेले. पेर सॅव्हिओचा मुलगा जॉन सॅव्हिओ पुढे मोठा चित्रकार झाला, हेही सांगायला हवं.

घरं दोन, नॉर्वेत लाकूड कापून तयार केलेली, खुणा करून आणलेली, इथे फक्त जोडायची. एकात राहायचं, दुसऱ्यात सामान. दहा माणसं एका खोलीत, प्रत्येकाच्या बिछान्याला सरकतं दार. ते दार ओढून घेतलं की तेवढीच आपली जागा. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवत नाही. त्यात जुलैमध्ये एकाने बिछान्याजवळ मेणबत्ती जळती ठेवली आणि आग लागली. घर जळता जळता वाचलं. ते गेलं असतं तर पुढच्या जानेवारीपर्यंत कोणीही येणार नव्हतं.

आणि निकोलाई हॅन्सन. मोहिमेचा प्राणिशास्त्रज्ञ. हिवाळ्यात तो आजारी पडला आणि सुधारलाच नाही. १४ ऑक्टोबर १८९९ ला गेला. अडेली पेंग्विन हिवाळाभर समुद्रातल्या बर्फावर असतात, वसंतात अंडी घालायला किनाऱ्यावर परततात. तो त्यांचीच वाट बघत होता. त्या दिवशी हंगामातला पहिला पेंग्विन आला, तो त्याच्याजवळ नेला, त्याने बघितला आणि थोड्या वेळात प्राण सोडला. मला वर कड्यावर एका मोठ्या दगडापाशी पुरा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. जमीन इतकी गोठलेली की खड्ड्यासाठी सुरुंग लावावा लागला. खाली घरापासून वर तीनेकशे मीटर चढ, आणि तो चढ त्यांनी त्याला घेऊन चढला. अंटार्क्टिका खंडावरचं ते पहिलं ज्ञात दफन. आजही तिथे तो दगड आहे, त्यावर क्रूस आणि पाटी, थडग्याभोवती पांढऱ्या गारगोट्यांची किनार.

शिंपला

आजी, दंडवत. पेंग्विनचा भाग दोनदा वाचला.

प्राजक्ती

धन्यवाद आजी. चहा गार झाला, पण लिहिलंत ते मिळालं.

इंजिनरूम

धागा बघून राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी रॉस समुद्रात पर्यटकांना नेणाऱ्या एका जहाजावर मी थर्ड इंजिनिअर होतो. कार्यक्रमात केप अडेअरवर उतरणं लिहिलेलं होतं. पहाटे पोचलो तर रिडली बीचच्या कडेने बर्फाचे ढलपे एकमेकांवर आपटत होते, रबरी होडी लावायला फट नाही. दुपारी परत प्रयत्न केला. तेव्हा बर्फ थोडं सरकलं, तर लाटा वाढल्या. संध्याकाळी कप्तानाने जहाज वळवलं. मी ड्यूटी संपवून डेकवर आलो तेव्हा काळा कडा, खाली गोट्यांचा पट्टा आणि दुर्बिणीत दोन बुटकी लाकडी घरं एवढंच दिसलं. पण वास मात्र वाऱ्यावर पार जहाजापर्यंत आला. लाखो पेंग्विनांची विष्ठा, शंभरेक पिढ्यांची. आमचा स्वयंपाकी म्हणाला, ही तर सुक्या बाजाराची गल्ली.

सांगायचा मुद्दा: नकाशेवाला म्हणतात वाट नाही, ते आतल्या बाजूचं. बाहेरच्या बाजूनेही वाट दर वर्षी मिळतेच असं नाही. १८९९ मध्ये त्यांनी होड्यांतून कोळसा, कुत्री आणि घराची लाकडं उतरवली, याचं मला इंजिनच्या माणसाला फार कौतुक वाटतं.

हिमकण

पेंग्विनांची गोष्ट निघालीच आहे तर जॉर्ज मरे लेव्हिकबद्दल लिहिते. १९११-१२ च्या सहा जणांत तो डॉक्टर होता. व्हिक्टर कॅम्पबेल प्रमुख, रेमंड प्रीस्टली भूशास्त्रज्ञ, आणि अ‍ॅबट, ब्राउनिंग, डिकासन. लेव्हिकने अडेलींचा एक पूर्ण विणीचा हंगाम रोज बसून पाहिला. जगातल्या सगळ्यात मोठ्या अडेली वसाहतींपैकी ही एक, आणि कडा चढून वरपर्यंत घरटी. घरटं म्हणजे गोट्यांची चळत. शेजाऱ्याने पाठ फिरवली की त्याचा गोटा उचलायचा!

त्याला काही लैंगिक वर्तन इतकं धक्कादायक वाटलं की ते त्याने वहीत ग्रीक अक्षरांत लिहिलं, कोणी सहज वाचू नये म्हणून. परतल्यावर १९१५ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका छापली, फक्त १०० प्रती, वर 'प्रसिद्धीसाठी नाही' असा शिक्का. ती विस्मरणात गेली आणि २०१२ मध्ये पुन्हा अभ्यासकांपुढे आली. ज्याला तो दुर्वर्तन समजला त्यातलं बरंच आता पक्ष्यांच्या अननुभवी वयाने आणि हार्मोन्सने समजावता येतं. पण त्याने जे दिसलं ते गाळून न टाकता टिपलं, म्हणून आपल्याला कळलं.

मीठभाकर

गोटे चोरणारे शेजारी! आमच्या सोसायटीत कुंड्या चोरतात.

वास्कोकाका

थोडं अवांतर, पण धाग्याच्या विषयाशी माझं घराचं नातं आहे. मी वास्कोला राहतो. आपल्या देशाचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र इथे आहे, आणि पत्त्यातच भूशिर आहे: हेडलँड सडा. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली, नेते डॉ. सय्यद झहूर कासीम. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले. जहाज भाड्याने घेतलेलं, आणि तेही नॉर्वेचं, 'पोलर सर्कल'. बोर्चग्रेव्हिंकच्या लोकांचंच.

आजीचा_चष्मा

वास्कोकाका, त्यात भर. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत होत्या, समुद्रशास्त्रज्ञ, जन्म नागपूरचा, औंधच्या पंत घराण्यातल्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ. आमच्या शाळेत हे शिकवलं असतं तर मी विज्ञान सोडलं नसतं.

वास्कोकाका

ताई, अजूनही सांगता येईल नातवंडांना. असो, धाग्यावर परत या, नकाशेवाला वाट बघत असतील.

नकाशेवाला

वाट नाही काका, वाचत होतो. सगळं वाचूनही माझा मूळ मुद्दा उभाच आहे. बोर्चग्रेव्हिंकचं एक वेळ समजलं. पण कॅम्पबेल? त्याच्याकडे १८९९ चा अनुभव लिहिलेला होता. तरी तो तिथेच कसा गेला?

भूगर्भी

कॅम्पबेल स्वखुशीने गेला नाही. त्याला पूर्वेला किंग एडवर्ड सातवा लँडवर उतरायचं होतं. बर्फाने जाऊ दिलं नाही. परत येताना ४ फेब्रुवारी १९११ ला 'बे ऑफ व्हेल्स'मध्ये पाहतो तर ध्रुवाच्या शर्यतीतला स्कॉटचा प्रतिस्पर्धी अमुंडसेन याचं जहाज 'फ्राम' नांगरलेलं. शेजारी तळ ठोकणं त्याला योग्य वाटलं नाही. मग उत्तरेकडे. जहाजात कोळसा कमी, हंगाम सरत आलेला, आणि होडी लागेल अशी जागा कोणती? तीच. १८ फेब्रुवारीला उतरले. त्यांनी बोर्चग्रेव्हिंकच्या घराशेजारी आपलं घर बांधलं. गंमत म्हणजे आज नवं घर पडून गेलंय आणि बारा वर्षांनी जुनं असलेलं नॉर्वेचं घर उभं आहे. नुसतं उभं नाही. माणसाने बांधलेली पहिली घरं अजून उभी आहेत असा पृथ्वीवरचा हा एकच खंड.

तुमचा मुद्दा त्यांनाही पटला असता, कारण ऑगस्ट १९११ मध्ये एका वादळाने उपसागरातलं बर्फ उडवून नेलं आणि त्यांचा लांबचा प्रवास तिथेच संपला.

इंजिनरूम

तो फळांचा केकही याच माणसांचा ना? २०१७ मध्ये बातमी आली होती, हंटली अँड पामर्सचा केक, डबा गंजलेला, आत केक कागदात गुंडाळलेला आणि दिसायला अगदी ठीक. आमच्या स्वयंपाक्याला दाखवायला हवा होता.

हिमकण

हो, स्कॉटच्या उत्तरेकडच्या तुकडीचाच मानतात. न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टचे लोक घरातल्या जवळपास १५०० वस्तू दुरुस्तीसाठी घेऊन गेले होते, त्यात सापडला. त्याच वस्तूंमधल्या कागदांच्या गठ्ठ्यांत एका पक्ष्याचं जलरंगातलं चित्रही निघालं, १८९९ सालचं, एडवर्ड विल्सनने काढलेलं. विल्सन पुढे स्कॉटबरोबर ध्रुवावरून परतताना गेला. पेंग्विनांची विष्ठा, धूळ आणि बर्फ यांत शंभर वर्षं पडूनही रंग शाबूत, कारण अंधार आणि थंडी.

प्राजक्ती

आता मला एक सांगा. पेंग्विनांनीसुद्धा लाखोंच्या संख्येने हीच जागा निवडलीय. ते का?

भूगर्भी

प्राजक्ती, तुझ्या प्रश्नातच नकाशेवाल्यांचं उत्तर आहे, मला आधी सुचायला हवं होतं.

अडेलीला तीन गोष्टी लागतात. बर्फ नसलेली उघडी जमीन, गोटे, आणि जवळ खुलं पाणी. रिडली बीचवर वारा बर्फ टिकू देत नाही. गोटे लाटांनी आणून टाकलेले. आणि टोक उत्तरेला पुढे आल्यामुळे समुद्र आत दक्षिणेपेक्षा लवकर मोकळा होतो. आता जहाजाच्या माणसाचा विचार करा. त्यालाही सपाट कोरडी जमीन हवी, सामान ठेवायला. मोकळं पाणी हवं, जहाज यायला आणि पुढच्या वर्षी परत यायला. आणि ताजं मांस-अंडी हवीत. पेंग्विनला खंडाच्या आत जायचं नसतं, एवढाच फरक.

नकाशेवाला

हे पटलं. आत जायचं होतं म्हणून मी ती जागा वाईट ठरवली. राहायचं असेल तर ती त्या किनाऱ्यावरची चांगली जागा आहे.

पण मग बोर्चग्रेव्हिंकला नेमकं काय करायचं होतं? चुंबकीय ध्रुव त्याच्या मनात होता ना?

भूगर्भी

होता, आणि ते अडेअरवरून जमणं नव्हतंच. १६ जानेवारी १९०९ ला शॅकलटनच्या मोहिमेतले डेव्हिड, मॉसन आणि मॅके त्या ध्रुवावर पोचले ते बऱ्याच दक्षिणेकडच्या केप रॉइड्सवरून, किनाऱ्याच्या बर्फाने वर येत आणि मग पठारावर चढत. तिथे तुमचं म्हणणं बरोबर.

पण लुई बर्नाची, टास्मानियातला, त्याने केप अडेअरवर वर्षभर चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी घेतल्या. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरची पूर्ण वर्षाची ती पहिली नोंद. बेल्जियमच्या मोहिमेच्या 'बेल्जिका' जहाजावरच्या लोकांनी आदल्या वर्षी हिवाळा काढला होता, पण तो बर्फात अडकलेल्या जहाजात, जहाज सतत वाहत. एका जागी उभं राहून घेतलेली नोंद वेगळी. त्यासाठी आत जायची गरज नव्हती, एका जागी जिवंत राहायची होती. शिवाय २८ जानेवारी १९०० ला जहाज परत आल्यावर ते दक्षिणेला गेलेच, आणि १६ फेब्रुवारीला बोर्चग्रेव्हिंक, कोलबेक आणि सॅव्हिओ रॉसच्या हिमभिंतीवर चढून ७८ अंश ५० मिनिटांपर्यंत पोचले. तोपर्यंत तेवढं दक्षिणेला कोणी गेलं नव्हतं.

नकाशेवाला

कोलबेक म्हणजे केप कोलबेकवाला? आत्ता लक्षात आलं. रॉस समुद्राचं पश्चिमेचं टोक केप अडेअर आणि पूर्वेचं केप कोलबेक. त्या खोलीत राहिलेल्या माणसाचं नाव समुद्राच्या दुसऱ्या दाराला!

आजीचा_चष्मा

बोर्चग्रेव्हिंकला मात्र फार थांबावं लागलं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं पदक १९३० मध्ये, तीस वर्षांनी. दहा जणांतला ह्यू इव्हान्स १९७५ पर्यंत जगला, पूर्ण शंभर वर्षं.

आणि बर्नाची १९०२ च्या जानेवारीत स्कॉटच्या 'डिस्कव्हरी'वरून जाताना पुन्हा अडेअरला उतरला. हॅन्सनच्या थडग्यापर्यंत चढून गेला.

प्राजक्ती

नकाशेवाला, तुमच्या नकाशावर ते थडगं आहे का?

नकाशेवाला

छापील नकाशात नव्हतं. आत्ता पेन्सिलीने कड्याच्या माथ्यावर छोटा क्रूस काढला. खाली पेंग्विन काढायचा प्रयत्न केला, तो मुलीने पुसून नीट काढून दिला.